मादर बेसांव देते का?

डिचोलीच्या एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न आहे. त्यांच्या आई म्हापशाच्या एका इस्पितळात नऊ दिवस होत्या. रोज संध्याकाळी एक सिस्टर यायच्या, आईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायच्या आणि निघताना अंगठ्याने त्यांच्या कपाळावर छोटासा क्रूस काढायच्या. आईंना त्याचा फार आधार वाटला. घरी आल्यावर सरांनी हे शाळेतल्या ख्रिस्ती सहकाऱ्याला सांगितलं, तर तो पटकन म्हणाला, "मादर बेसांव दिना सर, पाद्री दिता," म्हणजे सिस्टर आशीर्वाद देत नाही, धर्मगुरू देतो. तेव्हापासून सरांच्या मनात आहे की मग आईंना मिळालं ते काय होतं? शिवाय त्यांची एक जुनी विद्यार्थिनी या जूनमध्ये कॉन्व्हेंटमध्ये दाखल होते आहे. ती सिस्टर झाल्यावर तिला आशीर्वाद देण्याचा अधिकार मिळेल का, हेही त्यांना जाणून घ्यायचं आहे.

सर, मी ३४ वर्षं व्रतस्थ आहे आणि गेली ११ वर्षं नोव्हिस, म्हणजे व्रतं घेण्याआधी तयारी करणाऱ्या, मुलींना शिकवते. हाच प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी मुलगी विचारते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधी तुमच्या मनातली टोचणी काढून टाकते: तुमच्या आईंना मिळालं ते खरं होतं, आणि त्या सिस्टरनी काहीही चुकीचं केलं नाही. पण तुमच्या सहकाऱ्याचं बोलणंही हवेतलं नाही. त्याला एक गोष्ट बरोबर माहीत आहे आणि दुसरी तो विसरला आहे. जी विसरला, ती त्याच्याच घरात रोज होत आली असणार.

बेसांव हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि कोकणीत असा मुरला की आज कोणाला तो परका वाटत नाही. गंमत म्हणा किंवा अडचण म्हणा, गोव्यात दोन वेगळ्या गोष्टींना हा एकच शब्द आहे. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा ही मुख्य उपासना संपताना पाद्री देतो तेही बेसांव. आणि रात्री घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपल्यावर मुलं हात जोडून आजी-आजोबांसमोर, आई-वडिलांसमोर जातात आणि मागतात तेही बेसांवच. मी सावंतवाडीची. आमच्या घरी तेर्स संपली की आम्ही भावंडं वयाच्या क्रमाने आजीपुढे उभी राहायचो. तिच्या उजव्या अंगठ्यावर विळीने कापल्याची जुनी खूण होती आणि ती खरखर कपाळाला लागायची. "देव बरें करूं," एवढंच ती म्हणायची. आजी तर पाद्री नव्हती, मादरही नव्हती. पण ते बेसांव नव्हे, असं आमच्या घरात कोणाच्याही मनात आलं नाही.

बायबलमध्येही हे दोन प्रवाह वेगळे दिसतात. एक घरचा. म्हातारा याकोब खाटेवर उठून बसतो आणि योसेफाच्या दोन मुलांच्या डोक्यांवर हात ठेवतो. हात फुली करून ठेवतो, म्हणजे उजवा धाकट्यावर जातो. योसेफाला ते खटकतं, तो हात हलवू पाहतो, पण म्हातारा ऐकत नाही. इथे मंदिर नाही, पुरोहित नाही, आजोबा आणि नातवंडं आहेत. दुसरा प्रवाह वेदीचा. अहरोन आणि त्याच्या मुलग्यांना देव शब्द ठरवून देतो की लोकांना आशीर्वाद देताना असं म्हणा. ते शब्द ठरलेले, म्हणणारे ठरलेले, आणि ज्यांच्यासाठी म्हणायचे तो समाजही ठरलेला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हे दोन्ही प्रवाह एका घरात येतात आणि मला ती जागा फार प्रिय आहे. जखऱ्या पुरोहित. मंदिरात धूप जाळायला आत जातो, बाहेर लोक खोळंबलेले असतात, आणि तो बाहेर येतो तेव्हा त्याची वाचा गेलेली असते. तो नुसत्या खुणा करत राहतो. पुढे मारिया त्याच्या घरी येते आणि त्याची बायको अलिशिबा मोठ्याने म्हणते, "स्त्रियांमध्ये तू धन्य." पुरोहित मुका आहे, आणि आशीर्वाद घरातल्या म्हातारीच्या तोंडून बाहेर पडतो. आजही तेर्स म्हणताना प्रत्येक नमो मारियेत आपण त्या बाईचेच शब्द म्हणतो.

आता कायदा. चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यात कलम ११६८ आणि ११६९ मध्ये हे आलं आहे. बिशप आणि धर्मगुरू आशीर्वाद देतात. जे पोप किंवा बिशप यांच्यासाठी राखून ठेवले आहेत ते सोडून बाकी सगळे आशीर्वाद कोणताही धर्मगुरू देऊ शकतो. डीकनला, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाला, कायद्याने स्पष्ट परवानगी दिली आहे तेवढेच. आणि कलम ११६८ मध्ये आहे की योग्य गुण असलेले प्रापंचिकही, म्हणजे गुरुदीक्षा नसलेले ख्रिस्ती, विधिग्रंथात सांगितल्याप्रमाणे आणि स्थानिक बिशपच्या निर्णयानुसार, काही आशीर्वादविधी चालवू शकतात. ही वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उघडली आणि १९८४ च्या आशीर्वादविधींच्या ग्रंथाने ती तपशिलात आखून दिली. त्या ग्रंथात प्रापंचिकांना हा अधिकार कुठून येतो हे सांगितलं आहे: बाप्तिस्मा आणि दृढीकरण या संस्कारांतून. उदाहरण म्हणून तो आधी आईवडिलांचं नाव घेतो, आपल्या मुलांसाठी. मग बिशपने नेमलेल्या व्रतस्थांचं आणि धर्मशिक्षण देणाऱ्या कॅटेकिस्टांचं.

हा क्रम नीट पाहा, सर. आईबाप आधी, सिस्टर मागाहून. आमच्या नोव्हिस मुलींना मी इथे थांबवते, कारण पुष्कळजणींचा समज असतो की व्रतं घेतली, वेल, म्हणजे सिस्टरचं शिरोवस्त्र, डोक्यावर आला, की आशीर्वाद देण्याचं काहीतरी सामर्थ्य अंगात येतं. तसं येत नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं आहेत; गुरुदीक्षा, जिने माणूस धर्मगुरू होतो, हा वेगळा संस्कार आहे. कायदा म्हणतो की व्रतस्थ जीवन स्वभावतः ना धर्मगुरूंचं, ना प्रापंचिकांचं. म्हणजे व्रतस्थ पुरुष धर्मगुरू असेल तर तो आशीर्वाद देतो ते धर्मगुरू म्हणून, व्रतस्थ म्हणून नव्हे. त्याच मठातला, त्याच झग्यातला ब्रदर, ज्याला दीक्षा नाही, तो या बाबतीत माझ्या रांगेत उभा असतो. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा ब्रदरांना धर्मगुरूंच्या संस्थेतही सुपिरियर, म्हणजे प्रमुख, होण्याची वाट मोकळी केली. त्यामुळे ज्याच्या हाताखाली धर्मगुरू आहेत असा ब्रदर तुम्हाला दिसू शकतो. तो त्यांची बदली करील, पण मिस्सेच्या शेवटी त्यांच्या आशीर्वादासाठी मानही झुकवील.

तुमच्या सहकाऱ्याला जे बरोबर माहीत आहे, त्याचा इतिहास फार जुना आहे. मी तो जुन्या गोव्यात शिकले, सांता मोनिकाच्या त्या प्रचंड दगडी मठात, जिथे १९६४ पासून माटेर देई संस्थेत धर्मभगिनी ईशज्ञान शिकतात. १६०६ मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांनी आगुस्तीनियन भगिनींसाठी तो मठ सुरू केला. जाड भिंतींच्या त्या वर्गात आम्हाला पहिल्यांदा फ्रँक राजा शार्लमेनचं ७८९ सालचं फर्मान वाचून दाखवलं गेलं. त्यात तक्रार आहे की काही मठाध्यक्षा पुरुषांच्या डोक्यांवर हात ठेवून आणि क्रूसाची खूण करून आशीर्वाद देतात आणि कुमारिकांना पुरोहिती आशीर्वादाने वेल घालतात, हे बंद व्हावं. पुढे १२१० मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी स्पेनमधल्या बुर्गोस आणि पालेन्सिया भागातल्या मठाध्यक्षांबद्दल असंच पत्र लिहिलं: त्या आपल्या भगिनींना आशीर्वाद देतात, त्यांची पापकबुली ऐकतात, शुभवर्तमान वाचून प्रवचन करतात, हे थांबवा.

वर्गात ते ऐकून मला राग आला होता. डोक्यावर हात आणि कपाळावर क्रूस, एवढ्याचा केवढा गुन्हा! आमच्या प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "पुढचं वर्ष वाच." आणि पुढची ४० वर्षं वाचली तेव्हा भेटली असिसीची क्लारा. ती १२५३ मध्ये वारली. शेवटच्या दिवसांत तिने आपल्या भगिनींना, समोर असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्यांना, आशीर्वाद दिला: जिवंतपणी आणि मरणानंतरही, मला देता येतो तेवढा आणि त्याहून जास्त. चर्चने तो आशीर्वाद दडवला नाही, बंद केला नाही. क्लाराच्या मठांत तो आजही वाचला जातो. त्याच चर्चने तिच्या मृत्यूच्या ४३ वर्षं आधी मठाध्यक्षांना मना केलं होतं.

विरोध वाटतो, पण नाही. बुर्गोसच्या मठाध्यक्षा वेदीच्या प्रवाहात हात घालत होत्या, समाजापुढे, पुरोहिती खुणेने. क्लारा घरच्या प्रवाहात होती, आई म्हणून. तिच्याबद्दल एक कथा सांगतात. पोप मठात आले होते, जेवणाची वेळ झाली, आणि त्यांनी क्लारालाच भाकरींना आशीर्वाद द्यायला सांगितलं. ती म्हणाली, आपल्यासमोर मी हे कसं करू? त्यांनी आज्ञापालनाच्या व्रताची आठवण दिली, तेव्हा तिने क्रूसाची खूण केली आणि प्रत्येक भाकरीवर क्रूस उमटलेला दिसला. ही दंतकथा असेल. पण तिचं ते अडखळणं मला खरं वाटतं. आजही नियम तोच आहे: धर्मगुरू किंवा डीकन हजर असेल तर विधी त्याने चालवायचा.

आता रोजच्या खोलीत या. कॉन्व्हेंटमध्ये सकाळ-संध्याकाळ आम्ही प्रार्थनाविधी म्हणतो. शेवटी धर्मगुरू असतील तर ते आमच्याकडे वळतात आणि म्हणतात, "सर्वसमर्थ परमेश्वर तुम्हांला आशीर्वाद देवो." ते नसतील, आणि बहुतेक दिवस ते नसतातच, तर प्रार्थना चालवणारी सिस्टर म्हणते, "प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो, सर्व वाइटापासून राखो आणि सार्वकालिक जीवनाला नेवो." असं म्हणताना ती क्रूसाची खूण स्वतःवर करते, समोरच्यांवर नाही.

तुम्ही मराठीचे शिक्षक आहात, म्हणून हे तुम्हाला सांगायला मला विशेष आनंद होतो. या जागी इंग्रजीत एकच 'अस' आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'आम्हांला' आणि 'आपल्याला'. 'आम्हांला' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपल्याला' म्हटलं की तो आत येतो. देवाशी बोलताना आम्ही 'आम्हांला' म्हणतो, कारण देवाला त्या मागणाऱ्यांत धरायचं नसतं. पण रुग्णाजवळ बसून सिस्टर म्हणते, "देव आपल्याला आशीर्वाद देवो," तेव्हा ती आणि रुग्ण एकाच बाजूला असतात. दोघंही घेणारी. धर्मगुरूच्या 'तुम्हांला' मध्ये कमीपणा नाही. तो चर्चच्या वतीने बोलतो, म्हणून त्याला तसंच म्हणावं लागतं. सिस्टरने 'तुम्हांला' म्हटलं तर आभाळ कोसळत नाही. पण विधी म्हणून काही चालवत असू, तेव्हा हा एक शब्द आम्ही जपतो.

हातांचंही तसंच. विधिग्रंथात धर्मगुरू आणि डीकन हात पसरून आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. प्रापंचिक हात जोडून. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले ते चुकून. पहिल्या व्रतांनंतर चौथ्या वर्षी मला सत्तरीतल्या एका गावी पाठवलं होतं. पावसात ओढा भरला की फादरांना येता येत नसे. एका कुटुंबाने घर दुरुस्त करून नवी कौलं घातली आणि मला बोलावलं. मी शास्त्रवचन वाचलं, पवित्र पाणी शिंपडलं, आणि शेवटी उंबऱ्यात उभी राहून हात पसरले, हवेत मोठा क्रूस काढला आणि म्हटलं, "मी या घराला आशीर्वाद देते." सोबत आमच्या एक वयस्क सिस्टर होत्या. परत येताना छत्रीखाली त्या म्हणाल्या, "घराची प्रार्थना केलीस, चांगलं केलंस. ते तुला करता येतं. पण उंबऱ्यात तू फादर झालीस. त्यांनी तुला फादर म्हणून बोलावलं नव्हतं."

मी रात्रभर जागी होते. आठ दिवसांनी त्या घरी पुन्हा गेले. या वेळी सगळ्यांना ओळीने बसवलं, हात जोडून प्रार्थना म्हटली आणि पाण्याचा पेला घरच्या म्हातारीच्या हातात दिला. तिने खोल्याखोल्यांतून पाणी शिंपडलं, चुलीजवळ दोनदा. पाणी फादरांनी पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री आशीर्वादलेलं होतं; ते वापरायला कोणालाही परवानगी लागत नाही.

वस्तूंबद्दल लोक फार विचारतात, ते थोडक्यात सांगते. नवं घर, गाडी, शेत, जेवण, नाताळचा गोठा यांचे विधी प्रापंचिकांना चालवता येतात. जपमाळ, पदकं, मूर्ती यांचे आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकन देतात, म्हणून माझ्या हातात कोणी नवी जपमाळ ठेवली तर मी ती रविवारी फादरांकडे नेते. नव्या इगर्जीचं समर्पण, कुमारिकांचं समर्पण, मठाध्यक्षेला तिच्या पदावर आशीर्वाद देणं ही बिशपची कामं. ५ ऑगस्टला रायला आणि २१ ऑगस्टला ताळगावला कणसांचं फेस्त होतं. तिथे पाद्री विळ्याने पहिली कणसं कापतो, आशीर्वादतो, आणि लोक ती घरी नेऊन आल्ताराला, म्हणजे घरच्या वेदीला, लावतात. म्हणजे वेदीचा आशीर्वाद घरात येतो, आणि त्या आल्तारासमोर आजी घरचं बेसांव देते. लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, तर बहुतेक वेळा गावातलेच गाणारे चालवतात. खुरसापुढे व्हायोलिन घेऊन उभा असलेला मेस्त, म्हणजे गाणं चालवणारा, हा प्रापंचिकच असतो आणि त्याच्यासाठी कोणी पाद्रीची वाट पाहत बसत नाही.

इस्पितळाबद्दल मात्र सावकाश सांगते, कारण तुमच्या सहकाऱ्याच्या बोलण्यामागे बहुधा तिथलाच गोंधळ आहे. आजाऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. एक, आजाऱ्यांचं अभ्यंग, तेलाचा संस्कार. तो फक्त धर्मगुरू देऊ शकतो, डीकनही नाही. ते तेल बिशप पवित्र सप्ताहात आशीर्वादतात. आम्ही तेलाला हात लावत नाही, दुसरं साधं तेलसुद्धा प्रार्थनेबरोबर लावत नाही, कारण रुग्णाला संस्कार मिळाला असं वाटेल आणि खऱ्या वेळी पाद्रीला बोलावायचं राहून जाईल. १९९७ मध्ये रोमहून आलेल्या सूचनेत हे स्पष्ट सांगितलं आहे. मी इस्पितळाच्या कामाला होते तेव्हा वॉर्डातल्या परिचारिकेकडे फादरांचा फोन नंबर लिहून ठेवणं हे माझं पहिलं काम असे.

दुसरी गोष्ट, आजाऱ्याला आशीर्वाद. तो वेगळा. त्याच्या विधीत स्वतंत्र सूचना आहे: विधी चालवणारी व्यक्ती प्रापंचिक असेल तर तिने रुग्णाच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी आणि प्रार्थना म्हणावी. अगदी तेच, जे तुमच्या आईंना रोज संध्याकाळी मिळालं. हवेतला मोठा क्रूस नव्हे, कपाळावरचा छोटा. हा छोटा क्रूस येतो बाप्तिस्म्यातून. बाळाला इगर्जीच्या दारात आणतात तेव्हा पाद्री त्याच्या कपाळावर क्रूस काढतो आणि लगेच आईबापांना आणि पादिन-मादिनीला (धर्मपित्याला आणि धर्ममातेला) तसंच करायला सांगतो. विचार करा, सर, बाळ आत येण्याआधीच दारात ही खूण आईच्या हाती दिली जाते. पुढे मूल शाळेला निघालं, परीक्षेला निघालं, जहाजावर कामाला निघालं की आई दारात तीच खूण करते. सिस्टर रुग्णाच्या कपाळावर करते ती हीच, आईकडून घेतलेली.

तुमच्या आई हिंदू आहेत, म्हणून काही अडतं का? नाही. कायद्याच्या कलम ११७० प्रमाणे आशीर्वाद मुख्यतः कॅथलिकांसाठी असले तरी चर्चची मनाई नसेल तिथे इतरांनाही देता येतात. म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, फेस्ताला तेल घेऊन येणाऱ्या हिंदू बायकांची रांग तुम्ही पाहिली असेलच. मी फक्त एक पथ्य पाळते: वेगळ्या धर्माच्या माणसाला आधी विचारते. "मी प्रार्थना केली तर चालेल ना?" आणि नको म्हटलं तर खुर्ची ओढून गप्पा मारते. त्या सिस्टरनीही तुमच्या आईंना विचारलं असेल, अशी माझी खात्री आहे.

कॉन्व्हेंटच्या दारात लहान मुलांना घेऊन दिष्ट काढायला येणाऱ्या आया असतात, त्यात ख्रिस्तीही आणि हिंदूही. मीठ-मिरची त्यांनी आणलेली असते. मी ती हातात घेत नाही. मुलाला जवळ घेते, कपाळावर क्रूस काढते, ताप असेल तर डॉक्टरकडे पाठवते. भूत लागलंय म्हणून कोणी आलं तर तिथे सिस्टरचं काही काम नाही. बिशपची खास परवानगी असलेल्या धर्मगुरूशिवाय कोणीही तो विधी करू शकत नाही, आणि आधी डॉक्टरांनी तपासलेलं असावं लागतं. मिस्सेत परमप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, वाटायला मी उभी असते तेव्हाही कधी कधी एखादी हिंदू मैत्रीण रांगेतून हात छातीशी जुळवून समोर येते. मी "देव तुझं भलं करो" म्हणते आणि थांबते. दोन मिनिटांनी फादर सगळ्यांना आशीर्वाद देणारच असतात. साक्रामेंताच्या, म्हणजे त्याच पवित्र भाकरीच्या, आराधनेतही तेच. फादर नसतील तर नेमलेली सिस्टर पवित्र साक्रामेंत वेदीवर ठेवू शकते, परत आत ठेवू शकते, पण तो उचलून त्याने आशीर्वाद देऊ शकत नाही. तो फक्त धर्मगुरू आणि डीकन देतात.

घरचं आणि वेदीचं बेसांव एकाच दिवशी मी एकदाच पाहिलं. माझा मामेभाऊ पाद्री झाला तेव्हा. त्याच्या पहिल्या मिस्सेनंतर नव्या पाद्रीचा आशीर्वाद घ्यायला रांग लागली आणि सगळ्यांत पुढे माझी मामी. ती गुडघ्यांवर बसली आणि तिच्याच मुलाने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. त्याचे हात थरथरत होते, ते तिच्या पदरावरून दिसत होतं. रात्री मांडव रिकामा झाल्यावर घरात तेर्स झाली. तो झगा काढून साध्या शर्टात होता. मामीच्या खुर्चीपुढे वाकून म्हणाला, "माय, बेसांव दी." तिने रोजच्यासारखा अंगठा टेकवला.

तुमच्या विद्यार्थिनीबद्दल. तिला व्रतांनी आशीर्वादाचा नवा अधिकार मिळणार नाही. बाप्तिस्म्याने मिळालेला आहे तोच राहील, पण तो वापरायला माणसं मात्र खूप मिळतील. पुढे बिशपने नेमलं तर काही विधी ती चालवील. २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक या नेमणुका स्त्रियांनाही मिळू शकतात आणि कॅटेकिस्टची सेवाही त्याच वर्षी रीतसर झाली, तेव्हा तिच्यापुढे माझ्या वेळेपेक्षा जास्त दारं उघडी आहेत. कॉन्व्हेंटमध्ये ती प्रवासाला निघताना सुपिरियरपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागेल. सुपिरियर कपाळावर क्रूस काढील. ते पुरोहिती नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम घालून दिला होता की भाऊ भाऊ भेटले की धाकट्याने थोरल्याकडे आशीर्वाद मागावा. आमची रीत तिथून आली आहे.

तिच्या व्रतांचं बोलावणं काही वर्षांनी येईल तेव्हा जरूर जा आणि एक गोष्ट बारकाईने पाहा. व्रतं ती सुपिरियरपुढे उच्चारील; ती चर्चच्या नावाने स्वीकारायचा अधिकार त्या बाईंचा असतो. कायमच्या व्रतांना त्यानंतर ती वेदीपुढे गुडघे टेकील आणि समर्पणाची मोठी आशीर्वाद-प्रार्थना हात पसरून धर्मगुरू म्हणतील. एकाच पायरीवर दोन माणसं, दोन कामं. तुमच्या सहकाऱ्यालाही सोबत न्या, दोघांनी मिळून पाहा.

आणि जूनमध्ये ती निघण्याआधी तुमच्या पाया पडायला येईलच. तेव्हा संकोचू नका, आपण ख्रिस्ती नाही म्हणून हात मागे घेऊ नका. तिला तुम्ही अक्षरं शिकवली आहेत. तुमच्या आईंना अजून तपासणीला म्हापशाला जावं लागतं, असं तुम्ही लिहिलंत. तिथे त्या सिस्टर भेटल्या तर आईंना सांगा की त्यांच्या डोक्यावर हात ठेवा. आमच्या घरांपासून आम्ही लांब राहतो, आणि आईच्या वयाच्या बाईचा हात डोक्यावर येण्याचे दिवस आमच्या वाट्याला फार येत नाहीत.